नऊ हजार एक्क्याण्णवच्या पुढे

१

आमच्या ऑफिसात वादातल्या संख्या येत. एखादी संख्या एका छापील कोष्टकात मूळ म्हणून दिलेली असे आणि दुसऱ्यात नसे. मग ती चिठ्ठीवर लिहून आमच्या मजल्यावर पाठवली जाई. मूळ संख्या म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून जिला कुणी नि:शेष भागत नाही ती, एवढं शाळेत सगळ्यांनीच शिकलेलं असतं. आम्ही भागून बघायचं आणि निकाल द्यायचा. त्यासाठी युक्त्या पुष्कळ आहेत, पण आमच्याकडे त्या चालत नसत. दोनपासून सुरुवात करायची, एकेका मूळ संख्येने भागायचं आणि प्रत्येक बाकी कागदावर एका ओळीत उतरवायची. निकाल कुणीही देईल, कागद कोण देईल, असं साहेब म्हणत.

भागाकार ही करायची आणि पडताळणी मी. ही म्हणजे माझी बायको. एकोणीस वर्षं आम्ही हे काम केलं.

भागणाऱ्याचा आणि पडताळणाऱ्याचा चेहरा एकमेकांना दिसता कामा नये, असा नियम होता. चेहरा दिसला की आकड्यावर विश्वास बसतो आणि मग पडताळणी होत नाही, नुसती मान हलते. म्हणून दोन खोल्या, मध्ये भिंत, आणि भिंतीत टेबलाच्या उंचीवर एक आडवी फट. हिने कागद पलीकडून सरकवायचा, मी अलीकडून ओढायचा, गुणून बघायचं, बरोबर असेल तर खूण करायची. लोक चेष्टा करत, की नवरा-बायकोला घरी भांडायला एक खोली पुरते, ऑफिसात दोन कशाला लागतात. ही म्हणायची, घरी तोंड बघावंच लागतं, इथे तरी सुटका.

हिच्या टेबलावर हाताने फिरवायचं लोखंडी गणकयंत्र होतं. त्यात भागाकार म्हणजे वजाबाकीच. दांडा फिरवत राहायचं. एक फेरा जास्त झाला की घंटी वाजते. मग एक फेरा उलटा, सरकता पट्टा एक घर पुढे, की पुन्हा फेरे. फेरे मोजले की भागाकाराचे अंक ऐकूच येतात. बाकी शून्य आली तरच शेवटची घंटी वाजत नाही, कारण समोर सगळी शून्यं दिसतात आणि हात आपोआप थांबतो. ही शेवटच्या घराआधी क्षणभर थांबायची. चष्मा वर करायला. भिंतीआडून मी एकोणीस वर्षं ते थांबणं ऐकत होतो.

२

हिने शेवटची हातात घेतलेली संख्या ८,२८,०९,१५७.

आठ कोटी अठ्ठावीस लाख नऊ हजार एकशे सत्तावन्न. दिसायला काहीच खास नाही. सम नाही, पाचने जात नाही, अंकांची बेरीज चाळीस म्हणून तीनने जात नाही. सातने भागली तर बाकी चार. तेराने, दोन. अशा संख्येचे अवयव असलेच तर जोडीने असतात, एक लहान आणि एक मोठा. त्यातला लहान वर्गमुळाच्या आतच सापडायला हवा. या संख्येचं वर्गमूळ नऊ हजार शंभरच्या किंचित अलीकडे येतं आणि त्याच्या आतली शेवटची मूळ संख्या ९०९१. तिथपर्यंत कुणी भागलं नाही, तर पुढे कुणी भागणार नाही. मग खाली दुहेरी रेघ मारायची आणि संख्या मूळ ठरवायची.

ही ६४२१ पर्यंत पोहोचली होती. बाकी ३९४१. त्या दुपारी हिने यंत्रावर कापड घातलं, पाठ भरून आलीय म्हणाली, उरलेलं उद्या बघू. त्यानंतर सव्वीस दिवस दवाखान्यात गेले. त्या दिवसांबद्दल मला इथे लिहायचं नाही.

मुलगी दुसऱ्या गावी असते, तिच्या संसारात. आई गेल्यावर ती म्हणाली, आता एकटं राहायचं नाही, माझ्याकडे चला. तिने एक खोलीही रिकामी करून ठेवली. मी म्हटलं, ही एवढी संख्या झाली की येतो. साहेबांनाही तेच सांगितलं. ते म्हणाले, हरकत नाही, संख्या संपली की बाईंची खोली नकाशावाल्यांना देऊ, ते केव्हापासून मागतायत.

म्हणजे जवळजवळ तीनशे ओळी उरल्या होत्या. तेवढ्या ओळी हिची खोली हिची राहणार होती.

३

दोघांचंही काम मीच करू लागलो. सकाळी हिच्या खोलीत बसून भागायचं, कागद फटीतून सरकवायचा, मग दाराबाहेर येऊन व्हरांड्यातून वळसा घालून माझ्या खोलीत जायचं आणि तोच कागद दुसऱ्या बाजूने ओढून घ्यायचा. हा वेडेपणा आहे हे मला कळत होतं. पण नियम होता, आणि नियम असला की दिवस जातो.

ही दिवसाला चाळीस ओळी करायची. मी सातवर थांबत होतो. घाई नव्हती.

चौथ्या दिवशी सकाळी ६६९१ पर्यंत आलो. पुढच्या मूळ संख्यांचा रकाना लिहून तो कागद हिच्या टेबलावर ठेवला आणि माझ्या खोलीत येऊन सकाळच्या ओळी पडताळत बसलो. दुपारचे दोन वाजले असतील. खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुणीतरी सतरंजी झटकत होतं.

भिंतीपलीकडे दांडा फिरला.

एक फेरा, घंटी, उलटा फेरा. पट्टा सरकला. दोन. मग तीन. मग पाच. मग जरा थांबणं. मग सात, घंटी, उलटा फेरा.

मला वाटलं, वरच्या मजल्यावर टायपिंगवाले असतील. मग वाटलं, खालच्या दुकानात शिवणयंत्र असेल. बारा हजार तीनशे सत्तावन्न, असं मी बोटाने टेबलावर लिहिलं होतं.

दहा मिनिटांनी उठलो. हिची खोली तशीच होती. खुर्ची मी सोडली होती तशी, थोडी तिरकी. टेबलावरच्या कागदावर ६७०१ च्या पुढे भागाकार १२३५७ आणि बाकी ४९०० लिहिलेली होती. मी गुणून पाहिलं. बरोबर होतं.

४

अक्षर कुणाचं, हे सांगता येत नव्हतं. आमच्या ऑफिसात नोकरीला लागल्यावर पहिला महिना नुसते अंक गिरवायला लावत, म्हणजे एकाचा सात दुसऱ्याला एक वाटू नये. हिचा चार आणि माझा चार यांत फरक नव्हता. लग्नानंतर वाणसामानाच्या यादीवरून आमच्यात वाद व्हायचे, की हे दोन किलो कुणी लिहिलं. दोघांनाही सांगता यायचं नाही.

तेव्हा ती ओळ मीच केली असणार, असं ठरवलं. दुःखात माणूस भाजी दोनदा आणतो, दिवा लावायचा विसरतो. भागाकार करून विसरला तर नवल काय?

तरी त्या शुक्रवारी मी यंत्राचा दांडा स्क्रू काढून वेगळा केला आणि पिशवीत घातला. मुलगी दोन दिवसांसाठी आली होती. जेवणाची भांडी आवरताना तिने पिशवीत हात घातला.

"बाबा, हे काय? शिवणयंत्र मोडलंत की काय कुणाचं?"

"ऑफिसातलं आहे. दुरुस्तीला द्यायचंय."

"आई म्हणायची ते खरं आहे. बाबांना घर सांभाळायला दिलं तर महिन्याने नुसते स्क्रू उरतील."

आम्ही दोघं हसलो. हिच्या नावाने हसण्याची ती पहिली वेळ. मग मुलीने विचारलं, किती राहिलंय अजून. मी म्हटलं, अडीचशे ओळी. ती म्हणाली, दिवसाला पंचवीस केल्यात तर दहा दिवसांत याल. गणितात ती आईवर गेली आहे.

सोमवारी दांडा पिशवीतच ठेवून मी माझ्या खोलीत बसलो. पिशवी पायाशी होती, मी तिला पाय टेकवून ठेवला होता. दोन वाजता पलीकडे फेरे सुरू झाले. पाच वाजेपर्यंत चाळीस ओळी झाल्या.

५

त्यानंतर मी त्या खोलीत जाणं सोडलं, दाराच्या काचेतून आत बघणंही.

सकाळी मूळ संख्यांचा रकाना लिहायचा, कागद फटीतून सरकवायचा आणि थांबायचं. दुपारी तो भरून परत येई. शेवटच्या घराआधीचं ते थांबणं प्रत्येक वेळी असायचं. मी काही बोललो नाही. भिंतीशी बोलण्याइतका मी गेलेला नव्हतो, आणि आम्ही कामाच्या वेळात कधीच बोलत नसू. एकोणीस वर्षं जे होतं तेच पुन्हा होतं. हिचा आवाज तिथे कधीच नव्हता, त्यामुळे तो नाही हे जाणवतही नव्हतं.

जेवण जाऊ लागलं. दाढी रोज होऊ लागली. साहेब एकदा दारात उभे राहून म्हणाले, एकट्याने चांगला वेग धरलात हो. आम्हाला वाटलं होतं वर्ष काढाल. मी म्हटलं, सवय आहे. हिच्या बंद दाराकडे एकदा बघून ते वळले.

मुलीचा फोन आला की मी लवकर ठेवत असे. ती विचारायची, कितीवर आलात. मी आकडा खरा सांगत नसे, थोडा मागचा सांगे. तिच्या घरातली ती रिकामी खोली माझ्या डोळ्यांसमोर यायची. खिडकी, पलंग, भिंतीला टेकवलेलं टेबल. त्या भिंतीपलीकडे कोण असणार होतं?

चाळीस ओळी दिवसाला, म्हणजे दिवस थोडे होते. ही ९०९१ पर्यंत पोहोचली, की दुहेरी रेघ. आणि त्याआधी कुठे अवयव सापडला, तर तिथेच रेघ. मी कागद सकाळी उशिरा सरकवू लागलो. मग चाळीसऐवजी वीस मूळ संख्या लिहू लागलो. मग दहा.

६

८९६३ ची पाळी गुरुवारी आली.

नऊ फेरे, घंटी. दोन, घंटी. तीन, घंटी. थांबणं. मग फेरे: एक, दोन, तीन, मी मोजत होतो, सात, आठ, नऊ.

घंटी वाजली नाही.

मी पेन्सिल खाली ठेवली. पलीकडेही काही हललं नाही. मग फटीतून कागद आला. ८९६३, भागाकार ९२३९, बाकी ०. मी गुणलं. गुणाकार बरोबर ८,२८,०९,१५७ आला. तरी पुन्हा गुणलं.

म्हणजे संख्या मूळ नव्हती. दोन अवयव, दोन्ही मूळ, वर्गमुळाच्या दोन बाजूंना जवळ जवळ बसलेले. काम झालं होतं. कागद साहेबांकडे न्यायचा, शनिवारी नकाशावाले येणार, रविवारी मुलगी स्टेशनवर येणार.

टेबलाच्या खणात पातं होतं. चुका खरवडायला ते प्रत्येकाकडे असे. मी शून्य खरवडलं. कागद जरा पातळ झाला. त्यावर मी एक लिहिला, पेन्सिलची मागची बाजू घासून कागद सपाट केला आणि पडताळणीच्या रकान्यात खूण केली.

एकोणीस वर्षांत मी चुकीच्या ओळीपुढे खूण केली नव्हती. एकदाही नाही. हिच्या बाबतीत तर कधीच नाही, कारण हिची ओळ मुळात चुकत नसे.

आमच्याकडे खाडाखोड झालेला कागद भागणाऱ्याला परत दाखवावा लागे. मी तो फटीत घातला. तो आत ओढला गेला. त्यानंतर बराच वेळ काही ऐकू आलं नाही. गच्चीवरचं ऊन उतरलं. व्हरांड्यातून कुणीतरी चपला घासत गेलं. मला वाटत होतं, आता खुर्ची सरकेल, आता यंत्रावर कापड पडेल, ही तशीच उठेल, रागावली की उठायची तशी, आणि माझं काम झालेलं असेल. त्या खोट्याची लाज वाटत होती आणि तरीही मी मनात म्हणत होतो, पुढची ओळ घे.

पावणेपाचला दांडा फिरला. ८९६९.

७

८९६३ नंतर ९०९१ पर्यंत चौदाच मूळ संख्या आहेत. मी त्या दिवसाला दोन अशा पुरवल्या. आठव्या दिवशी ९०९१ चा कागद आला. भागाकार ९१०८, बाकी ८३२९. बरोबर.

त्याखाली दुहेरी रेघ नव्हती.

त्याखाली ९१०३ लिहिलं होतं. भागाकार ९०९६, बाकी ८२६९.

ही ओळ मी बराच वेळ पाहत बसलो. ९१०३ मी लिहून दिलं नव्हतं. आणि भागाकार भाजकापेक्षा लहान झाला होता. असं होताच थांबायचं असतं, हे आमच्या कामातलं पहिलं वाक्य आहे. वर्गमुळाच्या पुढे भागण्याला काही अर्थ नाही. ही तर अर्थ नसलेलं काहीच करत नसे. शिळ्या पोळीचं काय करायचं याचाही हिचा हिशेब ठरलेला असे. ९०९१ वर हिने रेघ मारली असती, पट्टीने, आणि कापड घालून बाहेर आली असती.

पलीकडे दांडा फिरत होता. ९१०९. मग ९१२७. मी कागद दिलाच नव्हता, तरी फेरे चालू होते.

पहिल्यांदा मी ते थांबणं नीट ऐकलं. शेवटच्या घराआधीचं. ते नेमकं होतं. प्रत्येक वेळी सारखं, घड्याळ लावून मोजल्यासारखं. हिचं तसं नसायचं. कधी चष्मा नाकावरच असायचा आणि ही थांबायचीच नाही. कधी शिंक यायची. हे जे होतं ते कुणीतरी ऐकून ऐकून शिकलं होतं.

भिंतीच्या कुठल्या बाजूने ऐकून, हे मला त्या क्षणी कळेना.

एकाच गोष्टीचा आधार होता. ९२३९ येणार होता. ८९६३ चा जोडीदार. त्यानेही संख्या नि:शेष जाते, आणि तिथे शून्य आलं की माझं खोटं उघडं पडणार. जे कुणी आत होतं ते त्यासाठीच पुढे चाललं असेल, असं मी धरून चाललो. मला पकडायला. मला ते हवंही होतं. मी मुलीला फोन केला आणि सांगितलं, उद्या ये, दुपारी चारला थेट ऑफिसातच ये, काम संपतंय.

"नक्की?"

"नक्की."

"शब्द फिरवायचा नाही हं बाबा. तुमचं दरवेळी थोडंच राहिलेलं असतं."

कारण ९२३९ ला थांबलं नाही, तर कुठे थांबणार? मूळ संख्यांना शेवट नाही.

८

साडेतीन वाजून गेले होते. ९२२७ झाली. मी फटीसमोर बसलो होतो.

आठ फेरे, घंटी. नऊ, घंटी. सहा, घंटी. थांबणं. एक, दोन, तीन.

घंटी नाही.

मी श्वास सोडला. शून्य. त्यालाही दिसलं होतं. आता कागद येईल, मी वरची ओळ दुरुस्त करेन, साहेबांसमोर मान खाली घालेन, आणि मुलीबरोबर जाईन.

कागद आला. फटीतून निम्मा बाहेर आला आणि थांबला.

९२३९. भागाकार ८९६३. बाकी १.

खाडाखोड नव्हती. पहिल्याच हाताने, सरळ, आम्हाला शिकवतात तसा एक. पुढे पडताळणीचा रकाना रिकामा होता.

मी कागद ओढला. तो सुटला नाही. जोर नव्हता पलीकडून, नुसता धरलेला होता, उत्तराची वाट बघत धरावा तसा. मी वाकून फटीत पाहिलं. आत दुपारचा उजेड होता आणि कागदाची पलीकडची कड दिसत होती. घट्ट धरल्यावर अंगठ्याखाली कागद दबतो, खळगा पडतो, तसे खळगे त्या कडेवर होते. अंगठा दिसत नव्हता. मी सवयीने मोजले. सात होते.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. मुलीची चाल मी ओळखतो, ती एक पायरी सोडून चढते. व्हरांड्यात शिरलं की पहिलं दार हिच्या खोलीचं लागतं, माझं नंतर. त्याला वरच्या अर्ध्या भागात काच आहे. कडी मी कधीच घातलेली नव्हती. लहानपणापासून ती ऑफिसात आली की आधी आईच्या दाराला नाक लावायची.

"बाबा?" व्हरांड्यातून हाक आली.

पावलं त्या दारापाशी थांबली.

मी पेन्सिल उचलली आणि ९२३९ च्या ओळीपुढे खूण केली. बरोबर असल्याची.

खळगे एकेक करून सपाट झाले. कागद माझ्या हातात आला. पलीकडे पट्टा पहिल्या घरावर सरकला आणि दांडा फिरू लागला.

मुलगी माझ्या दारात उभी होती. खांद्याला पिशवी, श्वास लागलेला. ती हसली नाही, घाबरलेलीही नव्हती. जरा दुखावल्यासारखी वाटली.

"आईच्या जागी माणूस घेतलं, ते सांगितलं नाहीत."

"पाहिलंस तू?"

"काचेतून. पाठमोरं बसलंय. मी टकटक केली तर मान वर नाही केली, हात नुसता फिरतोय." ती खुर्ची ओढून बसली. "बाई आहे की बुवा, तेही कळलं नाही. कामसू दिसतंय पण. निघायचं ना?"

भिंतीपलीकडे आठ फेरे झाले आणि घंटी वाजली.

"तू पुढे हो," मी म्हटलं. "घरी जा, दार लावून घे. माझं थोडं राहिलंय."

मी नवा कोरा कागद घेतला, रकाने आखले आणि सगळ्यात वर ९२४१ लिहिलं.